२० चित्रं, २० सेकंद : स्वतःच्या कामाबद्दल बोलायचंय, मदत हवी

शाईबोट (सोमवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून धागा काढतेय.

मी सांगलीत राहते. लाकडावर कोरून छाप काढते, वुडकट. या कामाला चौदा वर्षं झाली. पुढच्या महिन्यात मुंबईत एका कार्यक्रमात दहाबारा कलाकार आपापल्या कामाबद्दल बोलणार आहेत, त्यात माझंही नाव आलंय. अट अशी की स्लाइड वीसच. प्रत्येक स्लाइड वीस सेकंद राहणार आणि आपोआप पुढे सरकणार. रिमोट आपल्या हातात नाही, थांबा म्हणायची सोय नाही. सहा मिनिटं चाळीस सेकंदांत खेळ खलास. याला पेचाकुचा म्हणतात म्हणे.

फोल्डर उघडलं तर ४१२ फोटो निघाले. तीन रात्री नुसते इकडचे तिकडे करतेय. हिशोब केला तर एका वर्षाला साडेअठ्ठावीस सेकंद येतात. २०१३ साल तर मी नुसतं आजारपणात काढलं, ते साडेअठ्ठावीस कुणाला देऊ?

आत्ता लावलेला क्रम असा: पहिल्या स्लाइडवर नाव, दुसरीवर शिक्षण (जी. डी. आर्ट), तिसरीवर बक्षिसं, चौथीवर वुडकट म्हणजे काय. पाच ते अठरा कामं, वर्षाप्रमाणे. एकोणीसवर प्रदर्शनांची यादी, विसावर ‘धन्यवाद’. बरोबर आहे का? कुणी असं काही केलंय का? घाबरायला झालंय हे प्रामाणिकपणे सांगते.

चहाटळ (सोमवार, रात्री ११:५२)

शेवटच्या ‘धन्यवाद’वर वीस सेकंद नुसतं वाकून उभं राहायचं का? कंबर धरेल.

आळसोबा (मंगळवार, सकाळी ८:१५)

आधी तांत्रिक भाग उरकून टाकतो, म्हणजे डोकं मोकळं होईल.

पॉवरपॉइंटमध्ये सगळ्या स्लाइड निवडा, वर ‘ट्रान्झिशन्स’मध्ये जा, उजवीकडे ‘ऑन माउस क्लिक’ची टिक काढा आणि ‘आफ्टर’समोर ००:२० भरा. ट्रान्झिशन ‘नन’ ठेवा. फेड, पुश, पान उलटणं असलं काही लावू नका. आमच्या हापिसात एकाने प्रत्येक स्लाइडला सेकंदभराचा फेड लावला होता. सगळं मिळून वेळ वाढली आणि घड्याळ घेऊन बसलेल्या बाईंनी त्याला विसाव्या स्लाइडच्या आधीच खाली बसवलं.

गूगल स्लाइड्स वापरत असाल तर तिथे गंमत आहे. ‘पब्लिश टू वेब’मध्ये दहा, पंधरा, तीस सेकंद असे पर्याय येतात, वीस नाहीच. पण जी लिंक तयार होते तिच्यात ‘डिलेएमएस’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे आकडा, मिलिसेकंदांत. तो हाताने २०००० करायचा, झालं. तरीही मी सांगेन की पॉवरपॉइंटच वापरा आणि फाइल दोन पेनड्राइव्हवर न्या. हॉलमधल्या वायफायच्या भरवशावर जाऊ नका.

आणि तिथल्याच लॅपटॉपवर आधी चालवून बघा. फॉन्टचा प्रश्न येणार नाही, कारण स्लाइडवर अक्षरं असू नयेत असं माझं मत आहे. पण ते कलाकार मंडळी सांगतील.

तिरकसराव (मंगळवार, सकाळी ९:०२)

मला हा प्रकारच पटत नाही. महिना महिना घासून केलेल्या चित्राला वीस सेकंद? उद्या राग यमन चाळीस सेकंदांत मागतील. कलाकाराने असल्या घाईच्या तमाशाला सरळ नकार द्यावा. स्पष्ट बोलतो, राग नसावा.

लीड्सवाली (मंगळवार, दुपारी १:२०)

तिरकसराव, जहांगीर आर्ट गॅलरीत एखाद्या रविवारी कोपऱ्यात उभे राहा आणि लोक एकेका चित्रासमोर किती वेळ थांबतात ते मनात मोजा. वीस सेकंद म्हणजे चैन वाटेल.

शाईबोट, मी इथे दोनदा केलंय (मी कापडावर काम करते, गोधडीचे टाके). पहिल्यांदा तुझ्यासारखाच बायोडेटा लावला होता. सहाव्या स्लाइडला समोरच्या रांगेतल्या माणसाने फोन काढला. तो मला अजून दिसतो.

ओसाकाकर (मंगळवार, दुपारी ३:४५)

थोडं अवांतर. जपानीत ‘पेचाकुचा’ म्हणजे नुसती बडबड, आपली वटवट. उच्चारात ‘कु’ जवळजवळ गिळतात, इकडे ते ‘पेचाक्चा’ असं ऐकू येतं. २००३ च्या फेब्रुवारीत टोकियोत रोप्पोंगी भागातल्या एका जागेत अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या दोन वास्तुविशारदांनी हे सुरू केलं. कारण साधं होतं. वास्तुविशारदाच्या हाती माइक आला की तो सोडत नाही, आणि तरुणांना मात्र काम दाखवायला जागा मिळत नाही. म्हणून माइकवरचा ताबा माणसाकडून काढून घड्याळाकडे दिला.

अमेरिकेत २००६ मध्ये सिअ‍ॅटलला ‘इग्नाइट’ नावाचं भावंड निघालं. तिथे वीस स्लाइड पंधरा सेकंदांच्या, म्हणजे पाच मिनिटं. ताई, तुम्हाला त्यापेक्षा शंभर सेकंद जास्त आहेत असं समजा!

खडूफळा (मंगळवार, सायंकाळी ६:३०)

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. या वयात पेचाकुचा वगैरे काही केलेलं नाही, पण पस्तीस वर्षं पस्तीस मिनिटांच्या तासात शिकवलंय, आणि त्यातली दहा मिनिटं हजेरीत जायची. त्या अधिकारात चार शब्द.

पहिल्या चार स्लाइड काढून टाका. नाव सूत्रसंचालक सांगतोच. शिक्षण आणि बक्षिसं कार्यक्रमाच्या पत्रिकेत असतात. ऐंशी सेकंद हातात आले. एकोणीस आणि वीसही काढा. आता एकशेवीस झाले. दोन मिनिटं म्हणजे खूप असतात हो!

आता उरलेली चौदा कामं. ती वर्षाप्रमाणे का लावलीत? तुम्ही जगलात त्या क्रमाने, म्हणून. पाहणाऱ्याला त्या क्रमाशी काही देणंघेणं नाही. तुम्ही चौदा वर्षं कशाच्या मागे आहात ते एका वाक्यात मला इथेच लिहून दाखवा. त्यात ‘अस्तित्व’, ‘अवकाश’, ‘संवेदना’ हे तीन शब्द आले तर मी तास सोडून जाईन.

शाईबोट (मंगळवार, रात्री १०:१०)

सर, मी लिहिलेलं पहिलं वाक्य असं होतं: ‘माझी कला मानवी अस्तित्व आणि निसर्गाचा अवकाश यांच्यातील संवेदनशील नात्याचा शोध घेते.’

तुम्ही माझ्या वहीत डोकावलात का? तिन्ही शब्द!

चहाटळ (मंगळवार, रात्री १०:१४)

सर निघाले. घंटा द्या कुणीतरी.

हुमणकर (मंगळवार, रात्री ११:०५)

मी कुडाळचा. आमच्याकडे हे पेचाकुचा कधीपासूनच आहे, फक्त वीस सेकंदांचं बंधन नाही. पिंगुळीचे चित्रकथी बघितलेत का कुणी? ठाकर समाजातली ही परंपरा. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, म्हणजे एका कागदावर दोन्ही बाजूंना चित्र. फळीला टेकवून एकेक चित्र लावायचं आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीत रामायण-महाभारतातलं आख्यान गायचं. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. जुन्या पोथ्या पुण्याच्या केळकर संग्रहालयातही आहेत.

मुद्दा असा की मी लहानपणापासून ते बघतोय, पण ‘हा बघा भीम, ही बघा गदा’ असं कुणी म्हणताना ऐकलेलं नाही. भीम दिसतोच आहे की. गाणारा सांगतो ते चित्रात नसलेलं: भीमाला राग का आला, आधी काय झालं, पुढं काय होणार. चित्र थांबलेलं असतं आणि गोष्ट चालत असते. कधी चित्र बदलायच्या आधीच आवाज पुढच्या प्रसंगात शिरलेला असतो. तुम्ही तुमच्या छापाबद्दल बोलताना ‘इथे झाड आहे, इथे पाणी आहे’ म्हणालात की संपलं.

बाकी तुमचा कार्यक्रम मुंबईत कुठे? येवचा असा तर सांगा, चुलतभाऊ दादरला राहतो.

तिरकसराव (बुधवार, सकाळी ७:४८)

हुमणकर, चित्रकथी रात्र रात्र गातो. मुद्दा माझ्या बाजूचा झाला.

हुमणकर (बुधवार, सकाळी ८:३०)

अर्धा तुमचा, अर्धा माझा. रात्र मोठी असली तरी चित्र बदलायचं ते बदलायचंच.

ओसाकाकर (बुधवार, सकाळी ९:१५)

चित्रकथीवरून आठवलं, कल्याणच्या पटवर्धन मंडळींची शांबरिक खरोलिका. १८९० च्या दशकातला मॅजिक लँटर्नचा खेळ. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा आणि सोबत कथन. म्हणजे मराठीत स्लाइड शो सिनेमाच्या आधीपासून आहे. आपणच पॉवरपॉइंटला नवं समजतो.

कावीवेडी (बुधवार, दुपारी १२:३५)

मी गोव्याहून. कावी काम करते, कोकण-गोव्याच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरी नक्षी असते ते. मागच्या वर्षी असंच दहा मिनिटांचं बोलले होते. सगळ्या स्लाइड देवळांच्या, पुरी झालेल्या नक्षीच्या, एकापेक्षा एक सुंदर. शेवटी एका आजोबांनी विचारलं, “बाई, हा लाल रंग ब्रशने भरता की छापता?” म्हणजे दहा मिनिटं बोलून मूळ गोष्टच पोचली नव्हती! कावीत पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर देतात आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. पांढरं हे रंगवलेलं नसतंच, ते खणून काढलेलं असतं.

आता मी एकच फोटो दाखवते: अर्धं खरवडलेलं वर्तुळ, बाजूला कंपासचं टोक आणि माझ्या नखात अडकलेला लाल चुरा. त्या एका फोटोवर काही बोलावंच लागत नाही. वुडकटचंही तसंच असणार ना? लोकांना वाटत असेल की काळं आहे ते कोरलेलं.

शाईबोट (बुधवार, रात्री ९:५०)

अगदी हेच! नव्वद टक्के लोकांना वाटतं की कोरलेलं तेच काळं उमटतं. उलट आहे. कोरलं ते पांढरं राहतं, न कोरलेल्यावर रोलरने शाई बसते आणि तेच कागदावर येतं. मी वर्षानुवर्षं पांढरंच कोरतेय. शिवाय सगळं आरशातल्यासारखं उलटं. सुरुवातीला मी वर्षाचा आकडा सुलट कोरून ठेवायचे आणि छापल्यावर कपाळाला हात लावायचे.

आज एक गोष्ट घडली ती सांगते. आमच्याकडे कपाटाच्या कामाला सुतारकाका येतात. पन्नाशीचे आहेत, कमी बोलतात. चहाच्या वेळी म्हटलं काका, जरा बसा, मी काही वाचून दाखवते. लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला आणि नवीन लिहिलेलं सगळं वाचलं, ते ‘अस्तित्व’ काढून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग बोट ठेवलं ते बाराव्या फोटोवर. तो छाप असा की त्यावर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या रेषा उमटल्यात. विचारलं, “हे प्लाय कुठलं? कमर्शियल का मरीन?”

म्हटलं कमर्शियल. मरीन पाण्यात टिकतं, पण हे स्वस्त पडतं.

“म्हणून सुटलं. मरीन असतं तर काही झालं नसतं बघा.” आणि गेले रंधा मारायला.

मंडळी, तो ठोकळा २०१९ च्या पुराचा आहे. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती, धोक्याची पातळी ४५. माझा स्टुडिओ तळमजल्यावर. कोरलेले ठोकळे खालच्या फळीवर रचलेले होते, ते दिवसच्या दिवस पाण्यात राहिले. पाणी उतरल्यावर बघितलं तर प्लाय फुगलेलं, थर सुटून पापुद्रे उभे. टाकून देणार होते. मग एकावर सहज शाई फिरवून कागद ठेवला आणि चमच्याने घासला. मी कोरलेलं चित्र अर्धं उरलं होतं, बाकी अर्ध्यात पाण्याने कोरलेलं. त्यानंतर सहा वर्षं मी तेच करतेय, हे मला आज सुतारकाकांनी सांगितलं.

खडूफळा (बुधवार, रात्री १०:२०)

हे घ्या तुमचं वाक्य. ‘मी कमर्शियल प्लाय वापरलं म्हणून सुटलं.’ यावर सहा मिनिटं चाळीस सेकंद आरामात होतात.

लीड्सवाली (बुधवार, रात्री ११:३०)

अंगावर काटा. आता ४१२ फोटोंची निवड आपोआप होईल बघ. ज्याला त्या फळीशी, त्या पाण्याशी संबंध नाही ते बाहेर.

दोन युक्त्या देते. एक म्हणजे वीस स्लाइड म्हणजे वीस वेगळी चित्रं असा नियम नाही. एकच चित्र लागोपाठ दोन स्लाइडवर ठेवलंस की ते चाळीस सेकंद राहतं, घड्याळाला काही कळत नाही. दुसरी, मजकूर स्लाइडच्या मापाने शिवू नकोस. मी पहिल्यांदा प्रत्येक स्लाइडला बरोबर वीस सेकंदांचा परिच्छेद लिहिला होता. एका जागी खोकला आला, मागे पडले आणि पुढची सगळी वाक्यं चुकीच्या चित्रावर आली. आता मी पाचपाच स्लाइडचे चार तुकडे करते. तुकड्याच्या शेवटी पाचसहा सेकंद मोकळे सोडते. मागे पडलं तर तिथे गाठायचं, पुढे गेलं तर गप्प राहायचं.

शाईबोट (शुक्रवार, रात्री ९:१५)

दोन दिवस घड्याळ लावून बोलतेय. माझ्या बोलण्यात वीस सेकंदांत ३८ ते ४५ शब्द बसतात, तेही धाप न लागता. वाचताना जास्त बसतात, पण मग ते वाचल्यासारखं ऐकू येतं. मुलगा म्हणतो, “आई, तू बातम्या देतेयस.”

नवा क्रम कच्चा टाकते. पहिल्या स्लाइडला घराची भिंत, त्यावर पाण्याची रेघ. बोलायची सुरुवात: “ही रेघ माझ्या खांद्याच्या वर येते. माझे ठोकळे गुडघ्याच्या खाली होते.” मग तीन स्लाइड पुराआधीच्या कामाच्या, भरभर. मग हात, हत्यार, चुरा (कावीवेडी, तुमची स्लाइड चोरली). मग सुटलेल्या प्लायचा जवळून फोटो, दोनदा. मग छाप.

दहावीवर अडलेय. तिथे मला चित्तप्रसादांचा उल्लेख करायचाय. बंगालचे, पण १९४६ पासून मुंबईत राहिले, अंधेरीला. लिनोकटमध्ये (लाकडाऐवजी लिनोलियमवर कोरतात ते) त्यांनी कष्टकऱ्यांची जी माणसं कोरलीत ती बघून मी या माध्यमात आले. पण त्यांचं एक चित्र दाखवलं की माझी वीस सेकंद गेली. आणि दाखवलं नाही तर कृतघ्न वाटतं.

खडूफळा (शुक्रवार, रात्री ९:५८)

नाव घ्या, चित्र दाखवू नका. ज्याला माहीत आहे त्याच्या डोळ्यांपुढे येईल, ज्याला नाही तो घरी जाऊन शोधेल. तुमच्या हाताचा फोटो पडद्यावर असताना त्यांचं नाव घ्या. सात सेकंदांत होतं.

तिरकसराव (शनिवार, सकाळी १०:१०)

मी विरोधक असलो तरी एक उपयोगाचं सांगतो, कारण माझा व्यवसाय प्रोजेक्टर भाड्याने देण्याचा आहे (आता कळलं ना मी या स्लाइड शोंना का कंटाळलोय?).

प्रोजेक्टर काळा रंग दाखवू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. काळं म्हणजे जिथे उजेड पडत नाही तिथला पडदा, आणि पडदा पांढरा असतो. हॉलमध्ये थोडे जरी दिवे राहिले तरी तुमची गडद शाई राखाडी दिसणार, भस्म फासल्यासारखी. वुडकटवाल्यांनी म्हणून पूर्ण छाप कमी आणि जवळून काढलेले तुकडे जास्त दाखवावेत, जिथे काळ्या-पांढऱ्याची कड स्पष्ट आहे. आणि आयोजकांना आधीच सांगून ठेवा की पडद्यावरचा दिवा बंद पाहिजे. पूर्ण अंधार नको, तुम्ही दिसायला हव्यात.

उभा छाप आडव्या पडद्यावर बसवताना दोन्ही बाजूंना पांढरं सोडू नका, काळं सोडा. पांढरं सोडलं तर तेच सगळ्यात जास्त चमकतं आणि तुमचा कागद मळका वाटतो.

आळसोबा (शनिवार, सकाळी १०:३२)

तिरकसराव, दंडवत! आधी का नाही बोललात.

तिरकसराव (शनिवार, सकाळी १०:४०)

आधी तत्त्व, मग धंदा.

कावीवेडी (शनिवार, दुपारी ४:०५)

ठोकळ्याचा फोटो ट्यूबलाइटखाली समोरून काढू नका हं, सपाट येतो. संध्याकाळी खिडकीशी ठोकळा आडवा ठेवा आणि उजेड एका बाजूने घसरत येऊ द्या. प्रत्येक पापुद्र्याची सावली पडते. कावीच्या खरवडीचे फोटो मी असेच काढते, साडेपाच ते सहाच्या दरम्यान.

शाईबोट (रविवार, सायंकाळी ७:२०)

आज काढले. त्यातला एक बघून मलाच कळेना की हे लाकूड आहे की नदीचा काठ वरून घेतलेला. तेरावी आणि चौदावी स्लाइड हीच.

आता एक खरी अडचण. तेराव्या-चौदाव्यावर मी काय बोलू? सहा वेळा लिहिलं, सहा वेळा खोडलं. काहीही लिहिलं तरी पुराचं भांडवल करतेय असं वाटतं. आमच्या गल्लीत ज्यांची जनावरं गेली ती माणसं अजून रोज भेटतात. मला त्या पाण्याने चित्रं दिली, त्यांना काय दिलं?

हुमणकर (रविवार, रात्री ८:०१)

मग बोलू नका. वाद्य वाजत राहतं नि चित्रकथी गप्प बसतो, असंही होतं.

लीड्सवाली (रविवार, रात्री ८:३०)

चाळीस सेकंद शांतता फार मोठी असते हे सांगून ठेवते. वीस ठेव. चौदावीवर फक्त गल्लीतल्या माणसांनी ते छाप बघून काय म्हटलं ते सांग, असेल तर.

शाईबोट (रविवार, रात्री ९:१२)

आहे. समोरच्या काकू बघून म्हणाल्या होत्या, “आमच्या भिंतीचा पण काढ की.” काढलाय. सोळावी स्लाइड तीच होती, वर आणते.

*(तीन आठवड्यांनी)*

शाईबोट (रविवार, दुपारी १२:४५)

मंडळी, झालं काल. सविस्तर लिहिते म्हणाले होते तर लिहिते.

माझा नंबर सातवा. आधीच्या सहांमध्ये दोघांची विसावी स्लाइड ‘थँक यू’ होती आणि दोघंही तिथे वीस सेकंद काय करावं न कळून हसत उभे राहिले. चहाटळ, तुझी आठवण आली.

हॉलमध्ये दुपारीच जाऊन फाइल चालवून बघितली. बरं झालं, कारण त्यांच्या लॅपटॉपवर माझ्या वीस स्लाइडच्या आधी आयोजकांच्या बोधचिन्हाची एक स्लाइड जोडली होती आणि तिला वेळ लावलाच नव्हता. म्हणजे मी उभी राहिले असते आणि ती तशीच राहिली असती. आळसोबा, आभार. पडद्यावरचा दिवा बंद करायला सांगितला, त्यांनी केला. पुढचे तीन दिवे मात्र कुठल्या बटनावर आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. काळं राखाडीच दिसलं, तिरकसराव, पण जवळून काढलेले फोटो तरले.

पहिल्या तुकड्यात जीभ कोरडी पडली. तिसऱ्या स्लाइडवरचं एक वाक्य पूर्ण गिळलं. मग पाचव्यानंतरच्या मोकळ्या जागेत पाणी प्यायले आणि गाडी रुळावर आली.

सुतारकाकांचं वाक्य आलं तेव्हा सगळा हॉल हसला. हे मी धरलंच नव्हतं! हसू सातआठ सेकंद चाललं आणि तेवढ्यात स्लाइड सरकली. पुढचं वाक्य सोडून दिलं. कुणाला कळलं नाही. तालमीला घरात कुणी हसत नाही, म्हणून हसण्याची वेळ हिशोबात येत नाही, हे पुढच्यांनी लक्षात ठेवा.

तेरावीला गप्प राहिले. बारा-तेरा सेकंदांनी मागून कुणीतरी खुर्ची सरकवली, तेवढाच आवाज. वीस सेकंद एवढे लांब असतात हे मला माहीत नव्हतं. चौदावीला काकूंचं वाक्य सांगितलं, पंधरावीला त्यांच्या भिंतीचा छाप. विसाव्या स्लाइडला नुसती रिकामी फळी, आता डोक्याच्या उंचीवर ठोकलेली. म्हटलं, “ठोकळे आता इथे असतात. प्लाय अजून कमर्शियलच आणते.” पडदा काळा झाला तेव्हा माझं वाक्य नुकतंच संपलं होतं. नशीब, दुसरं काही नाही.

नंतर एका मुलीने विचारलं की मरीन प्लाय कोरायला जड जातं का. तिला तोच प्रश्न पडला होता, बाकी काही नाही. आम्ही अर्धा तास प्लायवरच बोललो.

खडूफळा (रविवार, दुपारी १:३०)

शाबास. हजेरी लागली.

तिरकसराव (रविवार, दुपारी २:१०)

मत बदललेलं नाही. पण तेरावी स्लाइड बघायला आवडली असती.

हुमणकर (रविवार, दुपारी ३:००)

चुलतभाऊ गेलो होतो. म्हणाला सांगलीची बाई बरी बोलली, प्लायचा काहीतरी होता.

आळसोबा (रविवार, सायंकाळी ५:२०)

सुतारकाकांना सांगितलंत का?

शाईबोट (रविवार, रात्री ८:४०)

आज सकाळीच आले होते, दाराच्या बिजागऱ्या बसवायला. सांगितलं की तुमच्या वाक्यावर मुंबईत लोक हसले. त्यांना काही ते आवडलं नाही. “त्यात हसण्यासारखं काय आहे? खरंच सुटतं.” मग त्या बाराव्या छापाची एक प्रत दिली, १५ पैकी चौथी. उलटसुलट करून बघितली, खालचा पेन्सिलीतला ४/१५ वाचून बाकीच्या चौदा कुठं गेल्या ते विचारलं, आणि म्हणाले फ्रेम मी करतो, मागची पाठ मरीनची लावतो.

चहाटळ (रविवार, रात्री ८:४४)

व्हिडिओ आला की इथे टाका. सेकंद मोजणार आहे.